मदत हवी आहे: जॅकस्टेची पट्टी शिवून देणारा कारागीर, रत्नागिरी ते मालवण

साडेदहा मीटरची शिडाची नौका ऑफशोअर, म्हणजे किनाऱ्यापासून दूर समुद्रातल्या, शर्यतीसाठी तयार करतोय. डेकवर दोन्ही बाजूंना जॅकस्टे हवेत, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-दोरीचा (टेदरचा) हुक अडकवायला डेकवर ताणून बांधलेली पट्टी किंवा तार, प्रत्येकी 8 मीटर. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या नौकांच्या खेळाच्या जागतिक संस्थेच्या ऑफशोअर नियमांप्रमाणे तुटण्याची ताकद किमान 2040 किलो. 5 मिमीची स्टीलची तारही चालते, पण पायाखाली गोल फिरते आणि ओल्या डेकवर माणूस घसरतो, म्हणून चपटी पट्टीच हवी.

खरी अडचण शिलाईची आहे. आपल्याकडच्या उन्हात पट्टीआधी दोरा जातो. जुन्या पट्टीवर नख फिरवलं तर टाके पांढऱ्या भुकटीसारखे सुटतात, पट्टी मात्र धडधाकट दिसते. गाठ मारून भागणार नाही, गाठीपाशी ताकद जवळपास निम्मी होते.

शीड किंवा ताडपत्री शिवणारं जाड सुईचं मशीन कुणाकडे आहे? दोन्ही टोकांना शिवलेले फास हवेत, आणि दोरा ऊन सोसणारा, शक्यतो पीटीएफईचा (टेफ्लॉनचा). मागचं टोक ट्रान्समपासून, म्हणजे नौकेच्या मागच्या आडव्या भिंतीपासून, दोन मीटर अलीकडे संपवायचंय, नाहीतर पडलेला माणूस टेदरसकट नौकेमागे फरफटतो. हे अंतर कुणी वेगळं ठेवलंय का? कृपया लवकर कळवा, पट्टी आणून ठेवली आहे.