घरच्या घरी बालवाडी: तुमच्याकडे काय काय चालतं? (अनुभव धागा)

मोगरा_सांगली
परवा भाचीचा फोन आला. लेक साडेतीन वर्षांचा, आणि शाळेतून रोज पानभर 'अ' गिरवायला येतो. तो पेन्सिल मुठीत धरतो, रेघ जाते पानाबाहेर, मग रडारड. "मावशी, याला काही येतच नाही गं," म्हणाली. फार वाईट वाटलं. त्या वयाच्या मुलाला काय काय येतं हे तिला कुणी सांगितलंच नसावं.

आणि मग आई आठवली. सांगलीला आमच्या दारात रोज सडा-रांगोळी व्हायची. मी आईजवळ उकिडवी बसायचे. चिमूट कशी धरायची ते तिने दाखवलं होतं: अंगठा आणि पहिलं बोट, खालून मधल्या बोटाचा आधार, आणि रांगोळी एकदम सोडायची नाही, बोटं हलकेच चोळत सोडायची. आधी नुसते ढीग पडायचे. मग ठिपके जमले. मग दोन ठिपके जोडणारी रेघ. शाळेत पेन्सिल हातात आली तेव्हा पकड वेगळी शिकावी लागली नाही. तीच चिमूट होती.

भाचीला म्हटलं, ते पान आठवडाभर राहू दे. ताटात तांदळाचं पीठ घे आणि त्याला चिमटीने ठिपके काढू दे. (रांगोळीची पूड नको, ती नाकाडोळ्यात जाते.) अक्षरं पळून जात नाहीत.

तुम्ही घरात मुलांसोबत, नातवंडांसोबत असलं काय काय केलंत? विकतच्या किटबद्दल नको, घरात असतं त्याबद्दल लिहा. तिला सगळं वाचून दाखवणार आहे.

भेंडीगवार
पहिली मी! भेंडीचे देठ. भाजी चिरताना देठाकडचा भाग जरा जाड कापायचा, बीटाच्या पाण्यात बुडवायचा आणि कागदावर छापायचा. फूल उमटतं. दोडक्याचंही छान येतं. कांद्याची गोल गोल वलयं. आमच्याकडे एक अख्खी भिंत सजली आहे.

आजीबाई_डोंबिवली
मोगरा, तुझ्या आईला नमस्कार.
आमच्याकडे हिवाळ्यात मटार. नातू चार वर्षांचा. शेंगेच्या शिरेवर अंगठा दाबला की ती फट्‌कन उघडते, तेवढं त्याचं त्याला जमतं. मग आत किती दाणे? ही सहाची, ही आठची, ही फसवी, दोनच. मोठ्या शेंगेत जास्त असतीलच असं नाही, हा शोध त्याने स्वतः लावला आणि घरभर सांगत सुटला. अर्धे दाणे पोटात जातात. जाऊ देत. आमच्या वेळी पोतंभर मटार सोलून करंज्या व्हायच्या, सारण परतताना आलं-मिरचीचा वास अख्ख्या चाळीत.

कापूसकोंडा
आजी, करंज्यांची कृती टाका ना प्लीज. पारीला रवा घेता की मैदा?

आजीबाई_डोंबिवली
दोन्ही निम्मे निम्मे. कडकडीत मोहन. रात्री लिहिते, आत्ता तो झोपेतून उठला.

खटपट्या
बाबांनी लिहिलं तर चालेल ना? माझी रात्रपाळी असते, त्यामुळे दुपारी लेक माझ्याकडे. वर्कशॉपमधून मोठाले नट-बोल्ट आणले, साबणाने घासून धुतले. कुठला नट कुठल्या बोल्टला बसतो ते शोधायचं आणि फिरवायचं. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, हे दिसतं सोपं पण तीन वर्षांच्या मुलीला अवघड आहे. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला गदागदा हलवून उठवलं तिने. दुसरं म्हणजे धुतलेले मोजे. जोड्या लावायच्या आणि दोरीवर चिमटे लावायचे. चिमटा दाबायला बोटांत बरीच ताकद लागते. आता आमच्या घरात एकही मोजा एकटा नाही.

दोन_पिल्लांची_आई
खटपट्या दादा, मोजे!! आजच सुरू करते.
पातेल्यात पाणी, पळी, दोन पेले, नरसाळं, गाळणी. न्हाणीघरात बसवायचं आणि दार उघडं ठेवून समोर बसायचं. (पाण्याजवळ मूल एकटं सोडायचं नाही, बादली असली तरी.) उंच पेल्यातलं पाणी पसरट वाडग्यात ओतलं की धाकटी म्हणते कमी झालं. परत ओतलं की परत तेवढंच. मी समजवायला जात नाही. तिचं तिला एक दिवस कळेल.

वॉर्ड_नंबर_चार
मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून घाईत का होईना, लिहितेच. कडधान्य निवडणं, ओवणं हे सगळं फार चांगलं आहे, पण मोठं माणूस शेजारी हवंच. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटे मणी, चिंचोके, वाटाणे देऊ नका. त्या वयात वस्तू तोंडात, नाकात, कानात जातेच. हरभरा किंवा वाटाणा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, आणखी आत सरकतो. पाणी, तेल काही घालायचं नाही. सरळ डॉक्टर. श्वासाला त्रास होत असेल, तर एक मिनिटही थांबू नका.
अख्खे शेंगदाणे चार वर्षांखाली नकोच.
आणि गुंजा! लाल-काळ्या, इतक्या सुंदर दिसतात की मुलांना खेळायला द्याव्याशा वाटतात. विषारी असतात. घरात जुन्या डब्यात असतील तर काढून टाका. खेळण्यातले बटणसेलसुद्धा. गिळला गेला तर थोड्या वेळात अन्ननलिका जाळतो.
घाबरवायचं नाही हं कुणाला. तुमचे अनुभव वाचून दिवस चांगला गेला.

मोगरा_सांगली
ताई, बरं झालं लिहिलंत. भाचीला हे आधी वाचून दाखवते. मोठे बटाटे-कांदे वेगळे करणं, वाट्या एकात एक घालणं, हे लहानांसाठी चालेल ना?

वॉर्ड_नंबर_चार
उत्तम. झाकणं आणि डबेही. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं. तासभर निघतो.

घोलवडचा_चिकू
घरातल्या वस्तूंनी बालवाडी म्हटल्यावर आमच्या घोलवड-बोर्डीचा माणूस गप्प कसा बसेल? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आमच्याच शेजारच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत इटलीच्या मॉन्टेसरीबाईंच्या बालशिक्षण पद्धतीवर काम केलं होतं. पण त्या पद्धतीची लाकडी साधनं महाग, गावात कोण घेणार? मग शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं. आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा. आज हजार रुपयांच्या खोक्यातून जे विकतात ते या दोघींनी समुद्रकिनाऱ्यावरून ओंजळभर शिंपले उचलून केलं. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे.
आम्ही अजूनही पाहुण्यांच्या पोरांना किनाऱ्यावर नेतो. शिंपले आणायचे, धुवायचे, मग लहान ते मोठे अशी रांग. रांगेच्या मधून एक गुपचूप काढायचा, कुठला गेला ते ओळखायचं. पोरं जेवायला उठत नाहीत.

अंगणवाडी_ताई
चिकू दादा, डोळे भरून आले. आमच्या अंगणवाडीचं नाव निघालं की लोकांना खाऊच आठवतो. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली, तेव्हापासून तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षणही तिच्यात आहे.
आमचे पालक एकच विचारतात, लिहायला कधी शिकवणार? मी त्यांना मुलाचा हात पकडून दाखवते. कागद फाडता येतो का? चुरगाळून गोळा करता येतो का? बाटलीचं झाकण फिरवता येतं का? कात्रीने आधी नुसता काप, मग सरळ रेघ, मग वळण. आधी हे, मग लिहिणं. पूर्वीच्या शाळांमध्येही आधी धूळपाटीच असायची, पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर.
झाडाखालची पडलेली पानं गोळा करतो आम्ही. पिंपळ, आंबा, कडुनिंब. गुळगुळीत-खरखरीत, लांब-आखूड. एकाने डोळे मिटायचे, हाताने पान ओळखायचं. पिंपळाला शेपटी असते म्हणून तो सगळ्यांना ओळखू येतो. भाचीबाईंना सांगा, त्याचं चाललंय ते बरोबर चाललंय.

कापूसकोंडा
माझा मुलगा कशालाच हात लावत नाही. कणीक, माती, रंग, काहीही चिकट लागलं की ओरडतो, हात धू म्हणतो. सगळ्यांची मुलं छान खेळतायत आणि याचं हे असं. काय करू?

अंगणवाडी_ताई
जबरदस्ती नको. आधी कोरडं द्या. रवा, तांदूळ, हातानेच हवं असंही नाही, चमच्याने. मग थोडं ओलसर. आमच्याकडे एक मुलगी कित्येक दिवस नुसती बघत बसायची, एक दिवस आपणहून बोट बुडवलं. पण कपडे, खाणं, आवाज यांचाही फार त्रास होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, त्यात काही कमीपणा नाही.

दोन_पिल्लांची_आई
कापूसकोंडा, मोठा माझा अगदी असाच होता. प्लास्टिकच्या पिशवीत रंग घालून तोंड चिकटपट्टीने घट्ट बंद करायचं आणि वरून दाबायचं. हाताला काही लागत नाही आणि रंग मिसळताना दिसतात. पिशवी मात्र आपल्या नजरेसमोरच द्यायची. पिवळा आणि निळा घेतलास तर हिरवा होताना तो बघतच राहील.

कापूसकोंडा
थँक्यू गं. खरंच. आज करून बघते.

येनाकर
जर्मनीतून. मी येनाला राहते, इथून जवळच बाड ब्लांकनबुर्ग आहे. तिथे फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन नाव दिलं. तिथल्या संग्रहालयात लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, ठोकळे आहेत. लेकीला घेऊन गेले होते. तिने लाकडी गोल पाहिला आणि मोठ्याने म्हणाली, "आई, लाडू!" आजूबाजूच्यांना कळलं नाही, मला मात्र कडकडून मिठी मारावीशी वाटली.
तिचं मराठी सगळं ओट्यावर शिकून झालंय. पोळ्या करताना तिला एक गोळी. मळ, लाट, थाप, उलट, शेक. पुस्तकातून हे शब्द कसे आले असते? हातात पीठ असलं की शब्द आपोआप येतात. लाटणं, पोळपाट, उलथनं तिला जर्मनमध्ये माहीतच नाहीत.

आजीबाई_डोंबिवली
येनाकर, लेकीला आजीकडून एक पापा.

खटपट्या
घरच्या क्लेचं प्रमाण कुणी सांगेल का? विकतचा दोन दिवसांत वाळून दगड होतो.

भेंडीगवार
दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, लागेल तसं कोमट पाणी. चांगलं मळायचं. रंगाला हळद, बीट, पालकाचं पाणी. हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतो. मिठाचं प्रमाण खूप आहे, तेव्हा खाऊ द्यायचा नाही, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब.
हळदीवरून आठवलं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्या. खाण्याच्या सोड्याचं पाणी कापसाच्या काडीने लावा. लालभडक रेघ! त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. माझी पुतणी याला जादू म्हणत नाही, "हळदीला राग आला" म्हणते.

मोगरा_सांगली
हळदीला राग आला 😄 भाची आत्ताच बोलली. लेकाने पिठात ठिपके काढले, मग त्यांना डोळे म्हणाला, मग खाली तोंड काढलं. पेन्सिलचं नावही काढलं नाही दोघांनी.

घोलवडचा_चिकू
बीज पेरायचं कुणी लिहिलं नाही अजून. मेथी पेरा. दोन-तीन दिवसांत डोकं वर काढते, लहान मुलांना तेवढाच धीर असतो. धणे लावाल तर आठवडा उलटून जातो आणि मुलं कुंडी उकरून बघतात. मटकी भिजवून फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवशी शेपट्या, आणि तिसऱ्या दिवशी उसळ.

कापूसकोंडा
पिशवीचं जमलं! पंधरा मिनिटं दाबत बसला होता. हिरवा झाला तेव्हा बाबाला ओढत घेऊन आला.

दोन_पिल्लांची_आई
किती छान! आता काही दिवसांनी पिशवीला वरून थोडं तेल लावून दे, बघ चालतंय का.

खटपट्या
क्ले केला. मस्त झालाय. हळदीचाच केला आणि आता सोफ्याच्या कव्हरवर पिवळे पंजे आहेत. कशाने जातील?

आजीबाई_डोंबिवली
साबण लावलास तर लाल होईल, घाबरू नकोस. धुवून ओलंच कडक उन्हात टाक. हळदीचा डाग उन्हाने उडतो. एका दिवसात नाही गेला तर परत टाक. आणि कापूसकोंडा, करंज्यांची कृती पाककृती विभागात टाकली आहे, सारणात ओलं खोबरं विसरू नकोस.