शब्दचर्चा : इर्जिक, सावड की श्रमदान?

प्रश्न : परिचयातील एका कुटुंबाने नांगरट बंद करून, जमीन सदैव आच्छादनाखाली ठेवून शेती सुरू केली आहे. पावसाळ्यापूर्वी बांधबंदिस्तीसाठी ते एक दिवस पुण्यातील स्नेह्यांना बोलावणार असून दुपारचे जेवण शेतातच आहे. निमंत्रणात ‘श्रमदान’ लिहावे की ‘इर्जिक’? तसेच ‘लँड स्टुअर्डशिप’साठी, म्हणजे जमीन जबाबदारीने सांभाळण्यासाठी, ‘भूमी-विश्वस्तता’ हा शब्द चालेल का?

उत्तर : ‘श्रमदान’ येथे मला खटकते. गावतळे, रस्ता, पाणलोट अशा सर्वांच्या कामासाठी घाम गाळला तर ते श्रमदान होय. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेल्या, गावांमधील जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेने हा शब्द शहरांतही रुळवला, पण तेथेही गावाचे पाणी हाच हेतू होता. एखाद्याच्या खाजगी बांधावर दिवसभर माती ओढून त्याला दान म्हणायचे, तर दाता कोण आणि याचक कोण, हे यजमानालाच अवघड वाटावे.

परतफेड कशी होते, हे पाहिले की शब्द आपोआप वेगळे होतात. कोणाचे काम मागे पडले, तर गावातील शेतकरी आपापली औते (नांगर-बैल) घेऊन येतात, एका दिवसात त्याचे रान उरकून देतात आणि मजुरी न घेता त्याच्याकडे जेवून जातात; ही इर्जिक. सावडीत मात्र आज तुम्ही माझ्याकडे आलात, तर उद्या मी तुमच्याकडे येणे बंधनकारक असते, आणि ते कोणी लिहून ठेवत नसले तरी विसरतही नाही. (अस्थी ‘सावडणे’ या प्रयोगामुळे काहींना हा शब्द निमंत्रणात नकोसा वाटेल, हेही ध्यानात घ्यावे.) आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ भागात उतारावर भातखाचरे घडवण्याच्या सामूहिक कामाला ‘पडकई’ म्हणतात. बांधबंदिस्तीशी हा शब्द सर्वांत जवळचा असला, तरी तो त्या मुलखाचा आहे. पुण्याच्या पाहुण्यांसाठी उचलून आणू नये. शहरातील स्नेही यजमानाला उद्या कामाला बोलावणार नाहीत, म्हणून सावडही बसत नाही. राहते ती इर्जिक.

दुसरे मत : मान्य, पण इर्जिकेच्या मुळाशी औत आणि बैल आहेत. ज्यांनी नांगरच टाकला, त्यांनी इर्जिक घालावी यात थोडी गंमत आहे. जेवण हाच दिवसाचा गाभा असेल, तर लातूर-धाराशिवकडची येळवस पाहावी : मार्गशीर्ष अमावस्येला कडब्याची कोप (खोपी) उभारून पूजा होते, आंबील आणि भज्जी होते, आणि वाटेने जाणाऱ्यालाही जेवायला हाक मारली जाते. तो सण मात्र तिथीला बांधलेला असल्याने ते नाव पावसाळ्याच्या तोंडावर लावता येणार नाही. केवळ शेत दाखवायचे असेल, तर कृषी विद्यापीठांनी रूढ केलेला ‘शिवारफेरी’ हा शब्द पुरेसा आहे.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून पुन्हा : गंमत खरी, पण बैल गेले आणि ट्रॅक्टर आले तरी ‘औत’ शब्द टिकला, तशी इर्जिकही टिकेल.

‘भूमी-विश्वस्तता’ला न्यासाच्या कचेरीचा वास येतो. ‘कसणे’ हा शब्द सहज सुचतो, परंतु कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने (त्या दिवशी जमीन कसणारी कुळे तिची मालक मानली गेली) त्याला मालकी हक्काचा अर्थ इतका घट्ट चिकटवला आहे की ‘जातीने कसणे’ म्हटले की सातबारा डोळ्यांपुढे येतो. ‘जोपासना’ पिकाची किंवा छंदाची होते. मी ‘जमीन राखणे’ सुचवीन. अडचणीतही न विकणे आणि तिचा कस उतरू न देणे, हे दोन्ही अर्थ त्यात बोलीतच मिळतात. कोकणात ‘राखण’ शब्दाला देवस्थानाचा संदर्भ असल्याने तिकडचा वाचक तो निराळ्या अर्थाने वाचील, म्हणून नामाऐवजी क्रियापद वापरावे : ‘हे कुटुंब पाच एकर रान राखते आहे.’