अनुभव धागा: जप, भजन, नामस्मरण. तुम्हाला नेमकं काय मिळालं?

नौपाडा, ठाणे (धागा काढणारी)
आमच्या मंगळवारच्या भजनानंतर चहा चालला होता. एकीने डोळे पुसले, दुसरी म्हणाली किती शांत वाटतं, आणि तिसरी कप ठेवत म्हणाली, "मला काहीच होत नाही गं. माझं सगळं लक्ष सुराकडे." तिच्यामुळे हा धागा. प्रवचन नको, चमत्कार नकोत, जे झालं तेवढं लिहा.

माझं सांगते. मी पेटी वाजवते. सुरुवातीचा रूपाचा अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन) संपेपर्यंत डोक्यात भाजी आणि मेंटेनन्सचं बिलच असतं. मग कधीतरी गजर चढतो, मृदंगाची लय दुप्पट होते आणि बोटं माझी राहत नाहीत. मासुंदा तलावाच्या काठाने घरी येताना सकाळचं जावेशी झालेलं भांडण आठवतं, पण त्यातलं माझं वाक्य आठवत नाही. एवढंच.

कळवा
मी बोलताना अडखळतो. सगळ्यात जास्त 'प' वर. तिकीट खिडकीवर 'परळ' म्हणता येईना म्हणून मी कित्येक वर्षं करी रोडचं तिकीट काढत होतो. दोन रुपये जास्त गेले तरी चालेल, पण मागची रांग चुळबुळायला नको.

एकदा गर्दीत चुकून लोकलच्या भजनी मंडळाच्या डब्यात शिरलो. एका काकांनी काही न विचारता हातात टाळ दिले. जयघोष झाला, 'पुंडलिक वरदे', आणि मीही ओरडलो. पहिलंच अक्षर 'प'! अडकलं नाही. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, मी घाबरून वाट बघत होतो, तरी अडकलं नाही.

पुढे वाचा उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, ही जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणजे देवाने काही केलं नाही म्हणा. मी बराही झालो नाही, ऑफिसात फोन उचलताना अजून घाम फुटतो. पण रोज सकाळी पाऊण तास माझी जीभ माझ्याशी भांडत नाही. याला शांती म्हणत असतील तर ती मला माहीत आहे.

नेरूळ
वेगळं लिहिते, रागावू नका. यजमान अतिदक्षता विभागात असताना मी रामरक्षा धरली. शांती वगैरे काही मिळाली नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी 38 श्लोक म्हणायचे आणि संपले की घड्याळ बघायचे. भेटीच्या वेळेला अजून चार रामरक्षा आहेत, तीन आहेत, असा हिशोब. ते वाचले. आता रामरक्षा म्हणायला बसले की फिनाईलचा वास येतो. हल्ली मी नुसता विष्णुसहस्रनामाचा आवाज लावून ठेवते आणि पोळ्या लाटते.

ऐरोली
नेरूळच्या ताईंनी घड्याळाचं लिहिलं म्हणून. मी शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालो. 2001 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूं' म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला. एरवी बसल्या बसल्या आपला 12 ते 20 चालतो. 23 माणसांवरून फार उड्या मारू नयेत. पण आमच्या आईचा हरिपाठ आठवा: एक चरण एका दमात, मग टाळाची जागा, मग पुढचा. सांजवेळी तिचा चढलेला आवाज खाली यायचा तो याच हिशोबाने असणार.

वाशी
सगळं छान, पण ही शांती तुमच्यापुरती ठेवा. आमच्या मागच्या इमारतीत काकड आरतीला पहाटे पाचला भोंगा. 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांगायला गेलो तर "तुम्ही नास्तिक का?" माझ्या आजीची काकड आरती घरातल्या घरात व्हायची आणि शेजारच्या तान्ह्या बाळाचीही झोप मोडायची नाही.

चरई, ठाणे
आम्ही ख्रिस्ती. रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या घाटाची गीतं लहानपणापासून गातो. शेजारच्या काकू म्हणतात, "चाल तर आमचीच!" आहेच.

घणसोली
लग्न होऊन गावात आले तेव्हा मला इथली आगरी बोली निम्मी कळायची नाही. सासूबाई भजनाला घेऊन गेल्या. मी टाळ चुकवला आणि लाजून हात खाली घेतले. शेजारची म्हातारी गाणं न थांबवता कानाशी म्हणाली, "बाय, टाल चुकला तरी चालंल, थांबू नुको." सासरी मला समजलेलं पहिलं अख्खं वाक्य ते. त्या म्हातारीच्या जागेवर आता मी बसते. नवीन सुनांना तेच सांगते, तिच्याच बोलीत.

कळवा (पुन्हा)
वाशीकर दादा, आमच्या डब्यात भोंगा नाही. या एकदा. खिडकी मिळणार नाही, टाळ मिळतील.