डिटेक्टरच्या टक्क्यांवर मार्क कापू नका

काही जण शिक्षकांना सुचवतात की विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट एआय डिटेक्टरमधून (मजकूर यंत्राने लिहिलाय का, याचा टक्क्यांत अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढावेत आणि आकडा ५०%च्या वर गेला की शून्य द्यावं. असं करू नका. हे डिटेक्टर नक्कल पकडत नाहीत. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, अशा खुणांवरून त्यातले बरेच अंदाज बांधतात. साधी, ठरावीक इंग्रजी वाक्यं लिहिणारं मराठी माध्यमातलं पोर तिथे सहज अडकतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केला. त्यांच्याच चाचणीत यंत्राचा फक्त २६% मजकूर पकडला गेला, आणि माणसाने लिहिलेला ९% यंत्राच्या नावावर गेला. म्हणजे ६० जणांच्या वर्गात सगळ्यांनी स्वतः लिहिलं, तरी पाच निर्दोष पोरं अडकणार!

त्यापेक्षा गूगल डॉक्समध्ये लिहायला लावा, एडिटचा अधिकार मागून घ्या आणि व्हर्जन हिस्ट्री (कधी काय लिहिलं, बदललं याची नोंद) उघडा. दोन हजार शब्द एका मिनिटात अवतरले असतील तर ते पेस्ट केलंय; कुठून, ते विचारा. अर्थात मोबाइलवर बघून टाइप करणारे महाभाग असतातच. म्हणून पाच मिनिटं तोंडी घ्या: संदर्भयादीतली दोन पुस्तकं निवडून पान नंबर विचारा. लेखक खरा आणि पुस्तक बनावट अशी जोडी चॅटजीपीटी बेमालूम जुळवतो, पितळ तिथेच उघडं पडतं.