राव्हेलच्या काळ्या पट्ट्या: याला भूप म्हणावं का?

सांजधून:
गेल्या आठवड्यात पियानोची एक छोटी रचना कानावर पडली आणि अजून डोक्यातून गेलेली नाही. फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेलच्या 'मा मेर ल्वा' या पाच रचनांच्या संचातली ही तिसरी, 'लेद्रोनेत, पॅगोडांची सम्राज्ञी'. स्नेह्यांच्या दोन मुलांना एकाच पियानोवर शेजारी बसून चार हातांनी वाजवता यावी म्हणून त्यानं हा संच लिहिला. 1910 मध्ये पॅरिसला तो पहिल्यांदा जाहीरपणे वाजला, तोही दोन लहान मुलींच्या हातून. पुढच्याच वर्षी राव्हेलनं त्याची वाद्यवृंदासाठी मांडणी केली. तीच जास्त ऐकली जाते, मूळ पियानो मागे पडला.

मी पेटी काढून बसले. या रचनेत वरच्या बाजूला बसणाऱ्याची बोटं बहुतेक वेळ काळ्या पट्ट्यांवरच असतात. काळी तीनला (सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला) सा धरला की पाच काळ्या म्हणजे सा रे ग प ध. भूप रागच की! माझं मत असं की मराठी कानानं ही रचना खुशाल भूप म्हणून ऐकावी. परक्या संगीतात शिरायला ओळखीचा उंबरठा मिळतोय, तो का सोडायचा?

उत्तरांग:
मला हे अजिबात पटत नाही. पाच पट्ट्या सारख्या असल्या म्हणजे राग झाला, तर देसकार रागाचं काय करणार? त्याचेही स्वर सा रे ग प ध हेच. पण भूप गंधारावर (ग) विसावतो आणि देसकार धैवतावर (ध) उभा राहतो. विद्यार्थ्यानं भूप गाताना धैवत जरा जास्त धरला तर गुरुजी तिथंच थांबवतात.

तुमच्या त्याच पट्ट्यांवर काळी पाचला सा धरा, मालकंस निघेल. काळी एकला धरा, दुर्गा. काळी चारला धरा, मधमाद सारंग. मग राव्हेलनं यातलं नेमकं काय लिहिलं? यातलं काहीच नाही. राग चलनात असतो, म्हणजे स्वर कसे चालतात आणि कुठे थांबतात यात. पट्ट्यांवर भूपाचं नाव चिकटवलं की आपण राव्हेल ऐकायचं थांबवतो आणि आपलंच आपल्याला ऐकू येत राहतं.

सांजधून:
मूर्च्छनांचा, म्हणजे त्याच पट्ट्यांवर सा हलवला की राग बदलतो हा मुद्दा मान्य. पण आधी माणूस ऐकायला बसला तर पाहिजे ना? माझ्या आईनं पाश्चात्त्य संगीत कधी पाच मिनिटं सलग ऐकलेलं नाही. तिला म्हटलं, भूप आहे, ऐक. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून बसली आणि गुणगुणायला लागली. तिनं गंधार धरला, डोळे मिटले, आणि खालून सूर भराभर पुढं निघून गेले. डोळे उघडून म्हणाली, "हे थांबत का नाही गं कुठे?" हा प्रश्न तिला भूपामुळेच पडला.

पितळी:
दोघांच्याही बोलण्यातून इंडोनेशियातलं जावा बेट सुटलं. पॅरिसच्या 1889 च्या जागतिक प्रदर्शनात जावातलं गाव उभारलं होतं आणि तिथं गॅमेलान, म्हणजे जावातल्या धातूच्या वाद्यांचा मेळ, वाजत असे. फ्रेंच संगीतकार डेब्यूसी ते ऐकून भारावला. राव्हेल तेव्हा पॅरिसमध्येच वाढणारा 14 वर्षांचा मुलगा होता. गॅमेलानच्या स्लेंद्रो स्वरव्यवस्थेत सप्तकाचे पाच जवळपास सारखे भाग असतात, एकेक सुमारे 240 सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पियानोवर हे अंतर मिळतच नाही, तिथं 200 किंवा 300. आणि आपला तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला. म्हणजे ती रचना जावाची नाही आणि भूपही नाही. मला तिचं मोल याचसाठी वाटतं की दूरचा एक नाद हातातल्या वाद्यावर उतरवायची ही धडपड आहे.

दिवाणखाना:
मला तर ही रचना खटकतेच. चिनी म्हणून बाहुल्या नाचवायच्या आणि त्याला पाच स्वर जोडायचे. आशियातल्या माणसांना शोभेच्या वस्तू करण्याचा हाच तो काळ.

उत्तरांग:
आक्षेप योग्य आहे, पण ती मूळ गोष्टही बघा. मादाम द'ओल्नुआ हिची ही फ्रेंच परीकथा सतराव्या शतकाच्या अखेरची. त्यातले 'पॅगोडा' म्हणजे चिनी धाटणीच्या छोट्या मूर्ती. राजकन्या लेद्रोनेत स्नानाला उतरते आणि या मूर्ती गाऊ-वाजवू लागतात. कुणाच्या हातात अक्रोडाच्या कवचाचं तंतुवाद्य, कुणाच्या हातात बदामाच्या कवचाचं, कारण वाद्यं त्यांच्या उंचीला शोभायला हवीत. राव्हेलनं हा उतारा स्वरलिपीच्या माथ्यावरच दिला आहे. आता ते बारीक, टणक, चमकते सूर ऐका. त्यात अक्रोडाचं कवच ऐकू येतं.

आणि सांजधून, आईंच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. या पाच स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही. त्यामुळे कुठलेही दोन-तीन एकत्र दाबले तरी बोचत नाहीत, पायाखालचं पेडल दाबून ठेवलं तरी एकमेकांत मिसळून जातात. आपण एका स्वरावर थांबून त्याला फुलवतो. इथं सूर एकावर एक रचून त्यांचा नाद होऊ दिलाय. भूप शोधत बसलात तर नेमकं हेच निसटतं.

सांजधून:
आज करून पाहिलं. पेटीवर पाचही काळ्या एकदम दाबल्या, भाता हळू सोडला आणि सूर विझेपर्यंत थांबले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घंटा वाजून गेल्यावर गाभाऱ्यात मागे राहतं ना, तसं वाटतंय." या वेळी भूपाचं नाव तिनं काढलं नाही. उत्तरांग, तुमचं म्हणणं मला आज कळलं. तरी पहिल्या दिवशी मी भूप म्हटलं नसतं तर ती मेथीच निवडत बसली असती, हे माझं मत मी सोडत नाही.