दरडप्रवण वाड्यांसाठी जमवलेला निधी नेमका कशावर खर्च करावा?

प्रश्न (मुंबईतील एका ग्रामस्थ मंडळाचा कार्यकर्ता)

नमस्कार. पोलादपूर तालुक्यातील डोंगरकपारीच्या वाड्यांमधून नोकरी-धंद्यासाठी मुंबईत आलेल्या चाकरमान्यांचे आमचे मंडळ आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये येथे आणि आमच्या तालुक्यात साखर-सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हापासून आम्ही पावसाळा तोंडावर आला की थोडा निधी बाजूला काढून ठेवतो. त्या वर्षी ठिकठिकाणांहून निघालेले मदतीचे टेम्पो बाजारपेठेपर्यंत आणि हमरस्त्यालगतच्या गावांपर्यंत आले, तिथे एकेका घरात दोन-तीनदा शिधा मिळाला, आणि ज्या वाड्यांचा रस्ताच वाहून गेला होता तिथे मात्र साधी मेणबत्तीही वेळेवर पोहोचली नाही. यंदा आमच्या सभासदांत दोन मते आहेत. काहींना ताडपत्री, चादरी आणि धान्य आताच विकत घेऊन ठेवावे असे वाटते, तर काहींच्या मते पैसा राखून ठेवून तो नंतर बाधित कुटुंबांच्या हाती द्यावा. सरकारी मदतीत कोणती पोकळी राहते आणि आमच्यासारख्या लहान मंडळाने ती कुठे भरून काढावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त तलाठी)

आपल्या दोन्ही मतांना जागा आहे, फक्त प्रत्येकाची वेळ वेगळी आहे.

पूर आणि दरड एकाच दिवशी येतात तेव्हा पहिला दिवस वाडीला स्वतःच्या बळावर काढावा लागतो, हे गृहीत धरून चला. तळीयेची दरड दुपारनंतर कोसळली; महाड पाण्याखाली, रस्ते बंद, वीज आणि मोबाईल दोन्ही ठप्प, त्यामुळे बचाव पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली आणि तोवर आसपासच्या गावकऱ्यांनीच हाताने चिखल उपसला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. म्हणून दोरखंड, फावडी, घमेली, बॅटऱ्या, ताडपत्री, स्ट्रेचर आणि चार दिवसांचा कोरडा शिधा एवढे साहित्य मे महिन्यातच वाडीजवळच्या, पण दरडीच्या वाटेत नसलेल्या एखाद्या पक्क्या शाळेत ठेवावे आणि त्याची किल्ली मुंबईत न ठेवता पोलीस पाटील व आशाताई यांच्याकडे द्यावी. धान्य मात्र मोजकेच घ्या, कारण कोकणातल्या दमट हवेत साठवलेल्या पिठाला ऑगस्टपर्यंत बुरशी धरते.

खरी पोकळी पुढे पडते, आणि ती कागदांची असते. घर पडल्याची मदत पंचनाम्यावर ठरते, आणि पंचनाम्यात नाव येते ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, असलेल्या मालकाचे. आपल्याकडे कित्येक घरे अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतात, तरी घर एकच मोजले जाते. पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे यावर वाद उभा राहतो, आणि वारसांपैकी निम्मे जण मुंबईत असल्याने त्यांच्या संमतीपत्रांवाचून प्रकरण तहसील कार्यालयात पडून राहते. हे काम तुमच्या मंडळाइतके सोपेपणाने दुसरे कोणी करू शकणार नाही. सभासदांना रविवारच्या बैठकीला बोलवा, वारसनोंदी करून घ्या, चुली विभक्त असतील तर शिधापत्रिका वेगळ्या करून घ्या, आणि आधार, बँक पासबुक व सात-बारा यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात एक संच गावात व एक मुंबईत ठेवा. याला निधी फारसा लागत नाही, पण एका कुटुंबाच्या वर्षभराच्या खेपा वाचतात.

शेतीचेही तसेच आहे. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तरच तो काढण्यासाठी अनुदानाची तरतूद लागू होते. जुलैअखेरीस लावणी झालेल्या खाचरात दोन इंच मुरूम बसला तरी त्या हंगामाचे भात गेलेच, पण तो शेतकरी गाळाच्या या निकषात बसत नाही. तुमचे रोख पैसे अशा ठिकाणी द्या: गाळ उपसण्याची मजुरी, पुढच्या वर्षीचे बियाणे, फुटलेल्या बांधाची दगडी रचाई. शक्यतो गावातल्याच माणसांना मजुरी द्या म्हणजे पैसा दोनदा उपयोगी पडतो.

बेपत्ता माणसांचा प्रश्न सर्वांत अवघड. मृताच्या वारसांना राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ४ लाख रुपये मिळतात, परंतु मृतदेह सापडला नाही तर एरवी सात वर्षे वाट पाहण्याचा कायदा आड येतो आणि शासनाला विशेष निर्णय घेऊन मृत्यूचे दाखले द्यावे लागतात. दरड कोसळली त्या रात्री वाडीत कोण झोपले होते याची यादी पहिल्या दोन दिवसांत, आठवणी ताज्या असताना, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी तयार झाली तर पुढे फार मदत होते. पाहुणे म्हणून आलेल्या लेकी-सुना आणि मजुरीसाठी राहिलेली माणसे या यादीतून हमखास गळतात, तेव्हा त्यांची आवर्जून नोंद घ्यावी.

उत्तर (आरोग्य सहायिका, सातारा जिल्हा)

तलाठी भाऊसाहेबांनी लिहिलेले योग्यच आहे. मी पाण्याबद्दल भर घालते. २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा जी कुटुंबे शाळांमध्ये हलवावी लागली त्यांच्यासारखी माणसे कोणत्याही निवाऱ्यात आठ-पंधरा दिवस सहज राहतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि मुक्काम लांबल्यास वीस माणसांमागे एक शौचालय हे मदतकार्यात जगभर मानले जाणारे प्रमाण आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळेत दोन शौचालये असतात आणि त्यांतल्या एकाला कडी नसते. कडी, बल्ब आणि आडोसा एवढे करून दिलेत तरी बायका-मुली पहाटेच्या अंधाराची वाट पाहत पोट धरून बसणार नाहीत.

पाणी निर्जंतुक करण्याची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीत असते, पण पोते उघडे राहिले की तिचा जोर जातो. त्यामुळे विहिरीत पावडर टाकली यावर समाधान न मानता ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीत, पाण्याला पिवळा रंग येतो का हे रोज पाहावे. गाळ काढणाऱ्यांच्या पायांना जखमा असतात आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून पसरणारा ताप) होतो. गमबूट पाठवा, आणि त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध कोणाला व किती द्यायचे हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांवर सोपवा. वापरलेले कपडे कृपा करून पाठवू नका. त्यांची वर्गवारी करण्यात आमचे दिवस जातात आणि शेवटी ढीग भिजून कुजतो.

उत्तर (शिक्षक, रायगड जिल्हा)

एक मुद्दा राहिला. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वर यंत्रे जाऊच शकली नाहीत, सगळे पायी चढले. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. यादीत आपल्या वाडीचे नाव नाही म्हणून निश्चिंत राहू नये. उतारावर नवी भेग, झऱ्याला अचानक आलेले गढूळ पाणी, तिरकी झालेली झाडे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी तहसीलदारांना कळवावे. शिवाय पोलादपूर-महाडमधून वाहणाऱ्या सावित्री नदीचा उगम महाबळेश्वरचा आहे, आणि २०२१ च्या त्या चोवीस तासांत तिथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वरचा पाऊस रोज विचारणारा एक तरी माणूस गावात हवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कागदपत्रांचे काम याच महिन्यात हाती घेतो. एक शंका आहे. इशारा मिळाला तरी वाडीतली वडीलधारी माणसे घर सोडत नाहीत, त्यावर काय करावे?

उत्तर (निवृत्त तलाठी)

बहुतेकदा ती गुरांसाठी मागे राहतात. दावणीला दुभती म्हैस सोडून कोणीही शाळेच्या व्हरांड्यात झोपायला जात नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. शाळेशेजारी पत्र्याची शेड, दावण आणि आठवड्याचा पेंढा एवढी सोय केलीत तर माणसे गुरांना घेऊन उजेडीच खाली उतरतील. जागेसाठी ग्रामपंचायतीचा ठराव मात्र पावसाआधीच्या मासिक सभेतच करून घ्या.