मदत हवी आहे: गच्चीवरचा सागवानी डेक प्रेशर वॉशरने धुवून पुन्हा स्टेन करायचा आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मनीषनगरला राहतो. पहिल्या मजल्याच्या गच्चीवर पश्चिमेकडे १० बाय १४ फुटांचा लाकडी डेक आहे. महाल भागातलं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा निघालेल्या सागाच्या तुळया चिरून या फळ्या काढल्या होत्या. लाकूड खणखणीत आहे, तेव्हा "काढून टाका, टाइल्स बसवा" हा सल्ला कृपया नको. आईसमोर तो विषय काढायचीही सोय नाही.

अडचण वरच्या रंगाची आहे. पॉलिशवाल्याने स्टेन मारून त्यावर चकचकीत क्लिअर कोट चढवला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटायला लागले. कोट टिकलाय तिथे फळी तपकिरी, उडालाय तिथे राखाडी. खिळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि कठड्याच्या सावलीत शेवाळाचा हिरवट थर.

मेव्हण्याकडे गाडी धुवायचं प्रेशर वॉशर आहे, त्यावर १३० बार लिहिलंय. उरलेल्या एका फळीवर चालवून पाहिलं. राखाडी थर बघता बघता गेला, खालून सुंदर सोनेरी रंग निघाला. पण फळी वाळल्यावर त्यावर लव उभी राहिली. आडवं नख फिरवलं तर खाचा लागतात, म्हणजे रेषांमधला मऊ भाग पाण्याने कोरून काढलाय. उलट घट्ट बसलेला क्लिअर कोट जिथल्या तिथे, फक्त कडा उचकल्या.

तर हे मशीन वापरावं की नाही? वापरलं तर कसं? आणि धुतल्यावर स्टेन कधी मारायचा? नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे, त्यानंतर पाऊस. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

भाऊ, १३० बार म्हणजे १९०० पीएसआयच्या आसपास. गाडीच्या पत्र्याला ठीक, लाकडाला फार झालं. देवदार-पाइनसारख्या मऊ लाकडाला ५००-६०० पुरतं. सागालाही १०००-१२०० च्या वर न्यायचं काम नाही. तुमच्या मशीनवर दाब कमी करायची सोय नसेल तर नोझल आणि अंतर, एवढंच तुमच्या हातात. पंख्यासारखी पसरट धार देणारं नोझल लावा. सुट्या नोझलांचा संच असेल तर पांढरं, म्हणजे ४० अंशांचं. लाल शून्य अंशाचं आणि ते गरगर फिरणारं नोझल डब्यातच राहू द्या. फूटभर अंतर ठेवा, रेषांच्या दिशेनेच चला आणि ट्रिगर फळीच्या बाहेर दाबून मग धार फळीवर आणा. फळीवरच चालू-बंद केलं की तिथे चट्टा पडतो आणि तो स्टेनखाली आणखी उठून दिसतो.

आणि पाण्याचा हिशोब धरा. अशी घरगुती मशीन मिनिटाला ६-७ लिटर ओढतात. आमच्याकडे या दिवसांत टँकर येतो म्हणून सांगतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण मूळ मुद्दा राहिला. मशीन हे खंगाळायचं साधन आहे, रंग काढायचं नाही. क्लिअर कोट पाण्याने काढायला गेलात तर कोट निघायच्या आधी लाकूड निघेल. तुमच्या फळीने तेच दाखवलंय. कोट आधी पेंट रिमूव्हर आणि पत्र्याने खरवडून काढा, उरलेला ६० नंबरच्या पॉलिश पेपरने. किचकट काम आहे, पण याला दुसरा रस्ता नाही.

मग सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर, कोमट पाण्यात कालवून ओतायची. १५ मिनिटं वाळू न देता ठेवायची आणि काथ्याच्या ब्रशने घासायची. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे लाकडात अडकून गंजतात. मळ आणि शेवाळ इथेच सुटतं. मशीन आलं तर या टप्प्यावर, सुटलेली घाण वाहून न्यायला. खरं तर बागेच्या पाइपनेही भागतं.

यानंतर साग काळपट दिसेल, घाबरू नका. ऑक्झॅलिक ॲसिड लिटरभर पाण्यात ३० ते ५० ग्रॅम घालून लावा, १०-१५ मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. काळपटपणा जातो आणि खिळ्यांभोवतीची वर्तुळंही बरीच उतरतात, कारण ते डाग लाकडातल्या टॅनिनचे आणि लोखंडाचे आहेत. मात्र ते विष आहे. हातमोजे, चष्मा हवाच, कुंड्या लांब सरकवा, आणि साध्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. खिळे लोखंडीच ठेवलेत तर वर्तुळं परत येणार. जमलं तर स्टेनलेसचे स्क्रू घाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑक्झॅलिक सुटं कुठे मिळेल? आणि मुहूर्ताचं कोणीच बोललं नाही.

प्रतिसाद ३

मार्बल घासणाऱ्या कारागिरांना विचारा, ते पॉलिशला तेच वापरतात. त्यांचा दुकानदार कळला की काम झालं.

मुहूर्त म्हणाल तर माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे म्हणतात दिवाळीनंतर करा. पण तोवर एक अख्खा पावसाळा उघड्या लाकडावर जाईल आणि परत शेवाळ धरेल. आत्ता हवा इतकी कोरडी आहे की दोन दिवसांत फळ्या वाळतील. मुंबईकडे ही चैन नाही. अडचण फक्त स्टेन मारताना. ४५ डिग्रीत पश्चिमेची फळी हात ठेववत नाही इतकी तापते आणि तेल आत जिरायच्या आधी वरच सुकतं. पहाटे उजाडताच सुरू करा आणि ऊन फळ्यांवर यायच्या आत आटपा. वर हिरवी जाळी बांधली तर उत्तम.

वाळल्यावर ती लव ८० नंबरच्या पेपरने काढा. १५० पर्यंत गुळगुळीत करू नका, स्टेन पीत नाही. पाण्याचे थेंब टाकून पाहा. लगेच जिरले तर फळी तयार, तसेच उभे राहिले तर कुठेतरी जुना कोट शिल्लक आहे.

प्रतिसाद २

पटलं. फक्त यंदा वरून क्लिअर कोट नको. आत मुरणारं डेक ऑइल घ्या. ते फिकं पडतं, पण पापुद्रे धरत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी हे खरवडणं वाचेल. पातळ हात मारायचा आणि १५-२० मिनिटांनी न जिरलेलं तेल फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं.

धागाकर्ता

ठरलं. या रविवारी खरवडायला घेतो. पुसलेली फडकी गॅलरीतल्या बादलीत टाकली तर चालतील ना?

प्रतिसाद ३

चालतील, पण बादली पाण्याने भरलेली पाहिजे. डेक ऑइलमध्ये बहुधा जवसाचं तेल असतं, आणि त्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात, त्यात आपला मे महिना. पाण्यात बुडवा, नाहीतर एकेक सुटी पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.